विजेच्या तारेतून शेवटच्या खोलीपर्यंत इंटरनेट

फायबरचं कनेक्शन घेतलं की राउटर कुठे बसतो? जिथे बसवणाऱ्याची केबल सर्वात कमी लागेल तिथे. म्हणजे बहुतेक घरांत मुख्य दाराजवळ, नाहीतर हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. आणि इंटरनेटची खरी गरज असते मागच्या बेडरूममध्ये, जिथे कुणी घरून ऑफिसचं काम करतं, किंवा वरच्या मजल्यावर, जिथे मुलगी क्लाससाठी बसते. तिथे फोनवर वाय-फायची एकच काडी दिसते, आणि मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं तुटत राहतं.

यात कनेक्शनचा दोष क्वचितच असतो. दोष मधल्या भिंतींचा असतो. आपल्याकडची घरं रेडिओलहरींना फार जड जातात. आरसीसीच्या स्लॅबमध्ये आणि कॉलममध्ये सळ्यांचं जाळं असतं, आणि लोखंड लहरी अडवतं. वीटकामाची भिंत एकवेळ चालते, पण मध्ये बाथरूम आलं की ओल्या भिंती, टाइल्स, आरसा, गीझर असं सगळं एकदम येतं. कोकणातल्या चिऱ्याच्या घरात भिंतीच इतक्या जाड की ओटीवरचा राउटर माजघर ओलांडून मागच्या पडवीपर्यंत पोचतच नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगाने चांगलं, पण भिंतींपुढे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर हार मानतं.

यावर दुकानदार पहिल्यांदा सुचवतो तो रिपीटर. मला तो बहुतेक घरांसाठी पटत नाही. मधल्या खोलीत लावलेला स्वस्तातला रिपीटर राउटरकडून जे ऐकतो तेच पुन्हा त्याच चॅनेलवर बोलतो. एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं त्याला जमत नाही, म्हणून जवळजवळ अर्धा वेळ पुन्हा सांगण्यातच जातो. शिवाय तो स्वतःच मुळात कमकुवत सिग्नल ऐकत असतो. फोनवर काड्या भरलेल्या दिसतात, वेग मात्र येत नाही.

मग लहरी भिंतीतून ढकलण्याऐवजी भिंतीत आधीपासून असलेल्या तारा वापरता येतील का? विजेच्या तारा प्रत्येक खोलीत गेलेल्याच आहेत. पॉवरलाइन अडॅप्टर नेमकं हेच करतो. त्याची जोडी येते. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि छोट्या लॅन केबलने राउटरला जोडायचा. दुसरा लांबच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावायचा, आणि त्यातून लॅन केबल कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला द्यायची. काही अडॅप्टरमध्ये स्वतःचं वाय-फायही असतं.

ज्या तारेत २३० व्होल्टची वीज खेळते तिच्यातून ईमेल आणि व्हिडिओ कसे जातात, हा प्रश्न पडायलाच हवा. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अडॅप्टर त्याच तारेवर फार कमी ताकदीचे, पण सेकंदाला काही दशलक्ष वेळा हेलकावणारे सिग्नल चढवतो. मैफलीत तंबोऱ्याचा खर्ज आणि बासरीची वरची पट्टी एकाच हवेतून येतात, तरी कानाला वेगळी ऐकू येतात, तसंच हे. फक्त इथे अंतर कितीतरी मोठं: वापरातली सर्वात खालची फ्रिक्वेन्सी सुमारे २ मेगाहर्ट्झ धरली तरी ती ५० हर्ट्झच्या ४०,००० पट आहे. अडॅप्टरच्या आतला कपॅसिटर ५० हर्ट्झला जवळपास अडवतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला वाट देतो. त्यामुळे आतल्या नाजूक भागापर्यंत पोचतो तो फक्त सिग्नल.

कल्पना नवीन नाही. वीज कंपन्या उच्चदाबाच्या वाहिन्यांवरून हेच काम कित्येक दशकं करत आल्या आहेत. मोठ्या उपकेंद्राजवळून जाताना, वाहिनी आत शिरते तिथे जाड तारेचं एक मोठं वेटोळं दिसतं. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ते विजेला जाऊ देतं आणि संदेशाच्या फ्रिक्वेन्सीला आत शिरण्यापासून रोखतं. एका उपकेंद्राचं दुसऱ्याशी बोलणं आणि बिघाड झाल्यास पलीकडचा ब्रेकर पाडण्याचा इशारा या वाहिनीवरूनच जात असे, बऱ्याच ठिकाणी अजूनही जातो. तिथल्या फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमधल्या, म्हणून वेग अगदी कमी. घरातल्या अडॅप्टरसाठी होमप्लग एव्ही हे मानक २००५ मध्ये आलं, आयईईई १९०१ हे २०१० मध्ये आणि होमप्लग एव्ही२ हे २०१२ मध्ये. एव्ही आणि एव्ही२ एकमेकांशी बोलतात. जी डॉट एचएन नावाचं आणखी एक मानक आहे, ते या दोघांशी बोलत नाही. घरात आधीच एक जोडी असेल आणि तिसरा अडॅप्टर घ्यायचा असेल तर एवढं बघून घ्या.

तार मात्र संदेशासाठी बनवलेली नसते, आणि सगळी अडचण इथून सुरू होते. लॅन केबलमध्ये तारांच्या जोड्या मोजून-मापून पिळलेल्या असतात. भिंतीतल्या पाइपात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग सुट्या पडलेल्या असतात. जागोजागी फाटे फुटतात. सिग्नल प्रत्येक रिकाम्या फाट्याच्या टोकाशी आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो, त्यामुळे काही फ्रिक्वेन्सी पुसल्याच जातात. म्हणून अडॅप्टर सगळं एका फ्रिक्वेन्सीवर पाठवत नाही. होमप्लग एव्हीमध्ये पूर्ण पट्टा हजाराहून अधिक बारीक वाटांमध्ये वाटलेला असतो. कोणत्या वाटेवर किती गोंगाट आहे हे दोन्ही अडॅप्टर सतत तपासतात. स्वच्छ वाटेवर जास्त माहिती भरतात, खराब वाट सोडून देतात. हॅम रेडिओवाल्यांचे, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांचे, पट्टे तर मुद्दाम दाबून ठेवलेले असतात, कारण भिंतीतली तार ही नकळत अँटेना असते आणि त्यांच्या ऐकण्यात व्यत्यय येऊ शकतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की खोक्यावरचा आकडा वाचून अडॅप्टर निवडू नये. वेग ठरवतं ते तुमच्या घरातलं वायरिंग. ६०० किंवा १२०० एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट) हा आकडा दोन्ही दिशांची बेरीज असतो, तोही प्रयोगशाळेतल्या परिस्थितीत, आणि अडॅप्टरांच्या आपसातल्या व्यवस्थेवर खर्च होणारा वेगही त्यातच धरलेला. एका वेळी एकच अडॅप्टर बोलू शकतो. प्रत्यक्षात त्या आकड्याचा चौथा हिस्सा मिळाला तर घरचं वायरिंग चांगलं आहे असं समजा. आणखी एक गोष्ट खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असते: ६०० लिहिलेल्या बऱ्याच अडॅप्टरचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. तार कितीही चांगली असली तरी त्या पोर्टातून शंभराच्या वर काही येणार नाही. वेग हवा असेल तर गिगाबिट पोर्ट आहे का ते बघा. पण खरोखर किती लागतं तेही मोजा. फोर-के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात आणि व्हिडिओ कॉलला त्याहून कितीतरी कमी. शेवटच्या खोलीत न तुटणारे ४० एमबीपीएस मिळाले तर ते तुटक्या दोनशेपेक्षा कामाचे.

आता घराचं वायरिंग वाचायला शिकू, कारण खरेदीआधी हेच करायचं आहे.

पहिला प्रश्न, घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज? सिंगल फेज असेल तर सगळ्या खोल्यांच्या तारा शेवटी मीटरनंतरच्या डीबीत (सगळ्या खोल्यांचे मुख्य स्विच असलेल्या पेटीत) एकाच फेजवर येऊन मिळतात आणि सिग्नलला सरळ रस्ता असतो. बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटमध्ये मात्र बरेचदा थ्री फेज असतं: हॉल लाल फेजवर, बेडरूम पिवळ्यावर, स्वयंपाकघर निळ्यावर. या तीन तारा घरात एकमेकींना कुठेच जोडलेल्या नसतात. डीबीत आणि पाइपात त्या शेजारून जातात, तेवढ्या जवळिकीने थोडा सिग्नल एकीतून दुसरीत झिरपतो. कधी कामापुरता, कधी अजिबात नाही. कोणती खोली कोणत्या फेजवर आहे हे ओळखायची सोपी खूण आपल्या सगळ्यांच्या अनुभवातली आहे. पावसाळ्यात ‘एक फेज गेली’ असं होतं तेव्हा ज्या खोल्या एकदम अंधारात जातात त्या एका फेजवरच्या. राउटरची खोली आणि कामाची खोली एकाच वेळी जात असतील तर अडॅप्टरकडून आशा ठेवायला हरकत नाही. वेगवेगळ्या जात असतील तर इलेक्ट्रिशियनला विचारा. डीबीत एका खोलीची एमसीबी (जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच) दुसऱ्या फेजवर घेणं त्याच्यासाठी छोटं काम आहे, फक्त तिन्ही फेजवरचा लोड सारखा राहील ना हे त्याने बघायला हवं. हे काम स्वतः करू नका.

दुसरा प्रश्न इन्व्हर्टरचा. याबद्दल परदेशी माहितीपत्रकांत शब्दही नसतो, कारण तिथे घरोघरी इन्व्हर्टर नसतात. आपल्याकडे दिवे, पंखे आणि एखाद-दोन सॉकेट इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर असतात, आणि राउटर बहुधा त्यावरच असतो. वीज असते तेव्हा ही लाइन इन्व्हर्टरच्या आतून जाते. तिथला फिल्टर आणि रिले सिग्नलचा बराच भाग खातात. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणि दुसरा साध्या सॉकेटवर असेल तर मध्ये इन्व्हर्टर उभा राहतो. दोन्ही एकाच लाइनवर ठेवा. दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवता आले तर उत्तम, वीज गेली तरी शेवटच्या खोलीत इंटरनेट राहील. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरच्या विजेत गोंगाट फार असतो. आजकाल अनेकांनी राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलेला असतो. राउटर त्यावर चालू राहील, पण अडॅप्टरला २३० व्होल्टच लागतात. वीज गेली की तो बंद.

तिसरा, अर्थिंग. एव्ही२ मधले महागडे अडॅप्टर फेज-न्यूट्रलच्या जोडीबरोबर अर्थिंगची तारही वापरतात आणि माहितीचे दोन प्रवाह एकाच वेळी पाठवतात. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि बऱ्याच गावच्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. तिथे १२०० चे पैसे देऊन तुम्हाला फार तर साध्या अडॅप्टरइतकंच मिळेल. (अर्थिंग नसणं इंटरनेटपेक्षा कितीतरी मोठ्या कारणासाठी दुरुस्त करून घ्यायला हवं. ते आधी करा.)

याला जोडूनच पिनचा प्रश्न येतो. परदेशातून भाऊ-बहीण येताना असे अडॅप्टर घेऊन येतात. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे वीज चालते. पण युरोपियन गोल पिना आपल्या सॉकेटमध्ये सैल बसतात आणि त्यांची अर्थिंगची पट्टी आपल्या सॉकेटमध्ये कशालाच टेकत नाही. सैल पिन म्हणजे बारीक ठिणग्या, ठिणग्या म्हणजे गोंगाट आणि उष्णता. अडॅप्टर वजनदार असतो, तो लोंबकळून आणखी सैल होतो. अमेरिकन चपट्या पिनांना कन्व्हर्टर लावून चालवण्याचीही तीच गत. भारतीय पिनचाच घ्या.

अंतराचाही एक गैरसमज असतो. भिंतीच्या अलीकडे राउटर, पलीकडे टेबल, म्हणजे सिग्नल सहज जाईल असं वाटतं. तार मात्र अलीकडच्या सॉकेटमधून छताकडे, तिथून डीबीपर्यंत, आणि डीबीतून परत पलीकडच्या खोलीत, अशी जाते. विटेच्या जाडीएवढं अंतर सिग्नलला ३०-४० मीटरचं पडू शकतं, वर दोन एमसीबी आणि बरेच फाटे. म्हणून खोलीतलं कोणतं सॉकेट निवडता याला महत्त्व आहे. एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट पुष्कळदा चांगला ठरतो, कारण त्याची जाड तार डीबीतून सरळ येते, तिला फाटे नसतात. एसी बसवलेलाच नसेल आणि सॉकेटमध्ये छोटी पिनही बसत असेल तर तिथे पहिल्यांदा बघा. थ्री फेजच्या घरात मात्र एसीचा पॉइंट मुद्दाम वेगळ्या फेजवर टाकलेला असू शकतो.

अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. स्पाइक गार्डमध्ये कधीही नाही. त्यातला फिल्टर विजेतला उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट काढण्यासाठीच असतो, आणि त्याच्या दृष्टीने तुमचं इंटरनेट हा गोंगाटच आहे. स्टॅबिलायझर आणि कॉम्प्युटरचा यूपीएस यांचंही तेच. साधा एक्स्टेंशन बोर्ड एकवेळ चालतो, पण वेग थोडा कमी होतो.

गोंगाट करणारी उपकरणं ओळखायला थोडा संयम लागतो. मिक्सर आणि हेअर ड्रायर चालू असेपर्यंतच त्रास देतात, ते लगेच कळतं. फसवतात ती शांत उपकरणं: स्वस्त मोबाइल चार्जर, हलक्या दर्जाचे एलईडी दिवे, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. रोज संध्याकाळी सातनंतरच इंटरनेट मंदावत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी राउटरजवळ स्पीड टेस्ट करा. तिथे वेग ठीक असेल तर त्या वेळी घरात लागणारा एखादा दिवा किंवा चार्जर दोषी असेल. एकेक बंद करत जा, सापडेल. ज्या अडॅप्टरच्या तोंडावर स्वतःचं सॉकेट असतं त्यात फिल्टर असतो. त्रासदायक चार्जर त्याच सॉकेटमध्ये लावला की त्याचा गोंगाट तारेत पोचत नाही. म्हणून सॉकेटवाला मॉडेल थोडा महाग असला तरी घेण्यासारखा.

लावताना आधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत लावून जोडी जमवा. एकाचं जोडणीचं बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. हे करणं टाळू नका. कारखान्यातून येताना अनेक अडॅप्टरचा पासवर्ड एकच असतो, आणि सिग्नल तुमच्या मीटरपाशी पूर्ण थांबतोच असं नाही. सोसायटीत शेजाऱ्याच्या घरातही तशीच जोडी असेल तर दोघांचं जाळं एक होऊ शकतं. बटण दाबलं की तुमच्या जोडीची नवी किल्ली तयार होते, आणि पुढचा सगळा संवाद १२८ बिटांच्या एईएस या सांकेतिक लिपीने कुलूपबंद होतो.

मग एकाच खोलीत लॅपटॉपला लॅन केबल लावून वेग मोजा. हा तुमच्या जोडीचा सर्वोत्तम आकडा. नंतर दुसरा अडॅप्टर कामाच्या खोलीत नेऊन प्रत्येक सॉकेटवर मोजा, आणि रात्री सगळे दिवे-पंखे चालू असताना पुन्हा मोजा. विकत घेताना परत करण्याची मुदत विचारा आणि हे सगळं त्या मुदतीत उरका. कोणाच्या घरात किती वेग येईल हे आधी कुणीही खात्रीने सांगू शकत नाही, दुकानदारही नाही.

त्या खोलीत मोबाइलसाठी वाय-फायही हवं असेल तर वाय-फायवाला अडॅप्टर घ्यायलाच हवा असं नाही. जुन्या कंपनीने परत न नेलेला राउटर बऱ्याच घरांत कपाटात पडून असतो. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा, कारण घरात पत्ते वाटणारा राउटर एकच हवा. त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्या, म्हणजे मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग अडॅप्टरची केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) न लावता लॅन पोर्टात लावा. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवा, म्हणजे फोन खोलीप्रमाणे जवळचा पकडेल. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, नाहीतर दोघं एकमेकांत मिसळतील.

भिंतीतून लॅन केबल ओढणं शक्य असेल तर मी तीच आधी सुचवेन. घराचं रंगकाम निघालेलं असेल, किंवा बंद पडलेल्या केबल टीव्हीचा पाइप रिकामा असेल तर कॅट ६ प्रकारची लॅन केबल टाकून घ्या. तिला फेज, इन्व्हर्टर, मिक्सर कशाचंच देणंघेणं नाही. पातळ भिंतींच्या, मोकळ्या फ्लॅटमध्ये मेश वाय-फायही (घरभर ठेवलेले, एकमेकांशी बोलणारे वाय-फायचे डबे) छान चालतं. पॉवरलाइन अडॅप्टर खरा उपयोगी पडतो तो मधल्या परिस्थितीत: भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, आणि भिंती इतक्या जाड की मेशचे दोन डबे एकमेकांनाही नीट ऐकू शकत नाहीत.

अंगणापलीकडची खोली, गोठ्यावरचा कॅमेरा किंवा विहिरीवरचा पंप यांच्यासाठी तो घेऊ नका. तिथे बहुधा मीटर वेगळा असतो, आणि पंपाच्या स्टार्टरजवळ सिग्नल टिकणं अवघड. लांब अंतराला उघड्यावरून तांब्याची केबल नेणंही धोक्याचं, कारण वीज पडली तर ती घरात येण्याची वाट होते. बारीक फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारी डबी) हा तिथला योग्य मार्ग, कारण काचेतून वीज वाहत नाही, फक्त त्या केबलला आधारासाठी धातूची तार नसावी. घरातल्या अडॅप्टरलाही हाच धोका लहान प्रमाणात आहे. तो एका बाजूने थेट विजेला आणि दुसऱ्या बाजूने लॅन केबलने राउटरला जोडलेला असतो, म्हणजे तारेतून आलेला झटका दोघांनाही बसू शकतो. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की सॉकेटमधून अडॅप्टर काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलीच राहतात.